गाडीला दुसरे इंजिन : बसणे वेगळे, जुळणे वेगळे



हंगाम आटोपतो, उसाचे पेमेंट खात्यावर जमा होते आणि घरोघरी रखडलेल्या कामांना तोंड फुटते. कुणाच्या गोठ्यामागे जुनी पेट्रोल जीप उभी असते, तर कुणी लिलावातून एखादा सांगाडा उचललेला असतो. गॅरेजचा मिस्त्री येऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि सांगतो, "बसतंय की मालक! डिझेल इंजिन घाला, आठ दिवसांत गाडी दारात उभी करतो." घरातली पोरेही मागे लागतात. मग सभासद आमच्या कार्यशाळा विभागात येऊन विचारतात, "साहेब, बसवावं का?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही. त्यात तुमचा पैसा आहे, गाडीत बसणाऱ्यांचा जीव आहे आणि आता कायदाही आहे. म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे. त्याचे सूत्र आधीच सांगून ठेवतो : इंजिन बसणे वेगळे आणि इंजिन जुळणे वेगळे. बसवायला कापाकापी आणि वेल्डिंग आले की पुरते. जुळवायला हिशेब लागतो.

१. कार्लेखिंडीची चिंकारा

पेण म्हटले की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. मूर्ती आणायला घाटावरचे टेम्पो दरवर्षी पेणला उतरतात. याच पेणहून वडखळमार्गे अलिबागकडे निघाले की पोयनाडच्या पुढे कार्लेखिंड लागते. तिथे 'चिंकारा मोटर्स' या छोट्या कारखान्याने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक दोन आसनी उघडी मोटार बांधली. तिचे नाव चिंकारा रोडस्टर. खाली पोलादी सांगाडा, वर फायबरग्लासचे अंग, बुटकी आणि हलकी. रायगडातल्या खाऱ्या, दमट हवेत पत्र्याला गंज फार लवकर धरतो, फायबरला धरत नाही.

आपल्या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या गाडीचे इंजिन त्या कारखान्याने स्वतः घडवले नव्हते. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडर आणि कॉन्टेसा गाड्यांत येणारे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स तिला बसवला होता. म्हणजे मोटार एकाची आणि इंजिन दुसऱ्याचे.

अशा मोटारींना इंग्लंडात 'किट कार' म्हणतात. कारखाना सांगाडा आणि अंग देतो, गिऱ्हाईक इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल हे भाग बहुधा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घरी जोडतो. १९५७ साली निघालेली 'लोटस सेव्हन' ही या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध गाडी, आणि चिंकारा रोडस्टरचा घाटही तिच्याच वळणाचा. तयार मोटारीवर तिकडे विक्रीच्या वेळी जबर कर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ती सवलत संपली. पण तोपर्यंत लोकांना घरी मोटार जोडण्याची गोडी लागली होती. लोटस सेव्हनच्या सांगाड्यात कधी फोर्डचे, कधी ऑस्टिनच्या घराण्यातले, कधी कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्सचे इंजिन बसलेले दिसते.

आता कुणी म्हणेल, "बघा, तिकडे कुठलंही इंजिन बसतं!" नाही. तिथे सांगाडा आखतानाच कोणते इंजिन येणार याचा विचार झालेला असतो. इंजिनाचे वजन कुठे पडेल, शाफ्ट किती लांबीचा लागेल, सायलेन्सर कुठून जाईल हे कागदावर आधी उतरते. चिंकाराने अँबॅसिडरचे इंजिन का घेतले असावे, याचा विचार करून पाहा. ते इंजिन गाडीत उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने बसते. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मागे शाफ्ट, शेवटी डिफरन्शिअल आणि मागची चाके. चिंकारालाही नेमकी हीच मांडणी हवी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी एकमेकांसाठीच घडलेली होती. ती न फोडता उचलली, म्हणून निम्मे काम सोपे झाले.

याउलट मारुती ८०० घ्या. तिचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल त्याच गठ्ठ्यात असतात. मारुती ओम्नीत त्याच घराण्यातले ७९६ सीसीचे इंजिन उभे बसते आणि मागची चाके ढकलते, कारण तिचा गिअरबॉक्स निराळा आहे. इंजिन सारखे, पण पुढची सगळी जोडणी वेगळी. "इंजिन तेच आहे, मग बसेल की" असे म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे आहे.

२. आपल्या घरचीच उदाहरणे

मोटारीचा गिअरबॉक्स कळायला अवघड वाटत असेल, तर आपल्या कारखान्यात या. मिल चालवणारी वाफेची टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेते. मिलचे रोलर मात्र मिनिटाला चार-पाच फेरेच फिरतात. मधल्या गिअरांनी फेरे कमी केले आणि त्याच प्रमाणात पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवला. टर्बाइन थेट रोलरला जोडली तर ऊस गाळला जाणार नाही, टर्बाइन जागीच अडेल.

गुऱ्हाळावरही हेच. इंजिनाची लहान पुली, चरकाची मोठी पुली आणि मध्ये पट्टा. पुलीचे माप चुकले की एक तर चरक अडतो, नाही तर इंजिन भकाभका धूर सोडते. जुन्या लोकांना हे माप अनुभवाने पाठ असते. ट्रॅक्टरच्या पीटीओलाही मिनिटाला ५४० फेऱ्यांचे प्रमाण ठरलेले आहे, आणि त्या मापाचे अवजार १००० फेऱ्यांवर लावले तर काय होते हे सांगायला नको.

मोटारीत एवढाच फरक की रस्ता सारखा बदलतो, म्हणून पुल्यांच्या चार-पाच जोड्या एकाच पेटीत ठेवाव्या लागतात. त्या पेटीला आपण गिअरबॉक्स म्हणतो. डिफरन्शिअल ही शेवटची, कायमची पुली.

एकच घराणे दोन कामांना कसे लावतात याचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर. त्याच्या घराण्यातले डिझेल इंजिन महिंद्राच्या जीपमध्येही आले. ट्रॅक्टरमध्ये ते नांगर ओढते, जीपमध्ये माणसे नेते. पण जीपमध्ये घालताना कंपनीने ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स नेऊन लावला नाही. कामाप्रमाणे पुढची जोडणी वेगळी ठेवली. कंपनीला जे करावे लागले, ते गॅरेजमध्ये टळेल कसे?

३. पेण ते रोहा : एका रस्त्याचे चार धडे

इंजिन जुळले की नाही हे रस्ता सांगतो. यासाठी पेण ते रोहा हा रस्ता मनात धरून पाहू.

पेण सोडून वडखळकडे निघाले की खारेपाटाचा सपाट मुलूख लागतो. इथे गाडी बराच वेळ वरच्या गिअरमध्ये एका वेगाने चालते. इंजिनाचे फेरे आणि डिफरन्शिअलचे प्रमाण जुळलेले नसेल, तर इंजिन इथे कोकलत राहते. वेग वाढत नाही आणि डिझेल मात्र जळते.

वडखळहून नागोठण्याला येऊन रोह्याकडे वळले की भिसे खिंड येते. इथे चढ आहे, वळणे आहेत. पीळ पुरतो का, क्लच घसरतो का, रेडिएटर उकळतो का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे एकदम मिळतात. सपाटीवर छान पळालेली गाडी खिंडीत वाफ सोडू लागली, तर दोष खिंडीचा नाही.

खिंड उतरताना तिसरी परीक्षा. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते का? आणि ब्रेक? नवे इंजिन जड असेल तर ते वजन उतारावर पुढच्या चाकांवर येते.

शेवटी रोह्याची बाजारपेठ. चाल मुंगीची, क्लच सारखा दाबायचा, इंजिन मंद फेऱ्यांवर. याच पेण, रोहा, अलिबाग भागात सहा आसनी मिनीडोअर रिक्षांनी वर्षानुवर्षे गावोगावची माणसे वाहिली. त्या गाड्या जोरात पळाव्यात म्हणून बनलेल्याच नव्हत्या. थोडा वेग, भरपूर ओढ, दर फर्लांगावर थांबा, असे त्यांचे काम. कामाला साजेशी जोडणी असली की साधी गाडीही पोट भरून देते.

तेव्हा पहिला प्रश्न 'कोणते इंजिन?' हा नसून 'गाडीने काम काय करायचे?' हा आहे. फडाच्या कडेपर्यंत जायचे, की दर आठवड्याला घाट उतरून पेण-रोह्याला जायचे?

४. वहीपेन्सिलीचा हिशेब

आता दोन सोपे हिशेब करू. मुलाला शेजारी बसवा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या गाडीचे घाला.

पहिला हिशेब वेगाचा. इंजिनाचे मिनिटाचे फेरे घ्या, त्याला गिअरच्या प्रमाणाने भागा, मग डिफरन्शिअलच्या प्रमाणाने भागा. चाकाचे मिनिटाचे फेरे मिळाले. त्याला चाकाच्या परिघाने गुणले की गाडी मिनिटाला किती मीटर जाते ते कळते. ६० ने गुणून १००० ने भागले की ताशी किलोमीटर.

समजा जुनी पेट्रोल जीप आहे. डिफरन्शिअल ५.३८, वरचा गिअर एकास एक, चाकाचा परीघ २.२ मीटर. पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत जाते. तर ४००० भागिले ५.३८ म्हणजे सुमारे ७४३. गुणिले २.२ म्हणजे मिनिटाला सुमारे १६३६ मीटर. ताशी साधारण ९८ किलोमीटर. ही झाली वेगाची शेवटची हद्द.

आता तिथे २००० फेऱ्यांचे संथ डिझेल इंजिन आणले आणि बाकी काहीच बदलले नाही. हद्द सरळ निम्म्यावर, ताशी ४९ वर येते. मालक म्हणतो, "गाडी पळत नाही." मग मिस्त्री पंपाच्या गव्हर्नरचे सील तोडून फेरे वाढवतो. काही दिवस गाडी पळते. पुढे एके दिवशी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हेच इंजिन पाच गिअरच्या पेटीबरोबर आणले आणि पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८ असले, तर? ५.३८ गुणिले ०.८ म्हणजे ४.३०. वेगाची हद्द ताशी ६१. इंजिन ३००० फेऱ्यांचे घेतले, तर याच पेटीवर हद्द ९२. बघा, इंजिनाएवढाच गिअरबॉक्सने फरक पडला.

दुसरा हिशेब पिळाचा. अश्वशक्तीला ७१६ ने गुणा आणि इंजिनाच्या फेऱ्यांनी भागा, पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये मिळतो. ४० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांवर सुमारे ७.२ पीळ देते. ४० अश्वशक्तीचेच डिझेल इंजिन २००० फेऱ्यांवर सुमारे १४.३ देते. अश्वशक्ती तीच, पीळ दुप्पट! "दोन्ही चाळीसचीच आहेत" म्हणून गप्प बसणारा मालक इथेच फसतो.

हा पीळ पहिल्या गिअरमध्ये तिप्पट होतो, डिफरन्शिअलमध्ये आणखी ५.३८ पट होतो. पेट्रोलवर मागच्या ॲक्सलला सुमारे ११६ पीळ जात होता, आता २३१ जाईल. ॲक्सलचा शाफ्ट मात्र जुनाच आहे. मग तो नेमका भरल्या गाडीने चढावर सुटताना तुटतो. मिस्त्री म्हणतो, "शाफ्टच हलका निघाला." शाफ्ट हलका नव्हता. तो दुसऱ्या इंजिनासाठी घडवलेला होता.

५. जोडणीची आठ ठिकाणे

हिशेब जमला तरी काम संपले नाही. इंजिन ते चाक या वाटेवर आणि तिच्या आजूबाजूला आठ ठिकाणी लक्ष द्यावे लागते.

एक, बेल हाऊसिंग. एका घरचे इंजिन आणि दुसऱ्या घरचा गिअरबॉक्स असेल तर दोघांचे बोल्ट जुळत नाहीत. मध्ये जाड पट्टी, म्हणजे अ‍ॅडॅप्टर प्लेट घालतात. तिची भोके अंदाजाने पाडली तर क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत येत नाही. केसाएवढा फरकही क्लच प्लेट, पायलट बेअरिंग आणि पेटीचे पुढचे बेअरिंग खाऊन टाकतो. हे काम लेथवर करून डायल गेज लावून तपासायचे असते. कार्लेखिंडीच्या गाडीत इंजिन-गिअरबॉक्सची जोडी मूळचीच ठेवल्याने ही कटकटच उरत नाही. शक्य असेल तिथे जोडी फोडू नये, हा पहिला नियम.

दोन, क्लच. प्लेटचा व्यास आणि प्रेशर प्लेटचा दाब नव्या पिळाला पुरणारा हवा. प्लेटच्या आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळले पाहिजेत.

तीन, इंजिन फाउंडेशन. डिझेल इंजिन जास्त थरथरते. रबरे योग्य नसतील तर सांगाड्याला तडे जातात. फाउंडेशनचे कान सांगाड्याला कुठे आणि कसे जोडले यावर सगळे अवलंबून आहे. भलत्या जागी केलेले वेल्डिंग सांगाडा कमजोर करते.

चार, प्रॉपेलर शाफ्ट. इंजिन मागे-पुढे सरकले की शाफ्टची लांबी बदलते. तो कापून जोडला तर पुन्हा तोल साधून घ्यावा लागतो. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रांगेत हवेत, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट व डिफरन्शिअलचे तोंड एकमेकांना समांतर हवे. नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते आणि क्रॉस महिन्यागणिक बदलावे लागतात.

पाच, थंडावा. मोठ्या इंजिनाला मोठा रेडिएटर आणि मोकळी हवा लागते. फॅन रेडिएटरच्या समोर यायला हवा. सायलेन्सरचा पाइप ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्यांपासून दूर ठेवावा. फायबरच्या अंगाजवळून तो जात असेल तर आड उष्णतारोधक पत्रा लागतोच.

सहा, पुढचे पाटे आणि स्टिअरिंग. वजन वाढले की पाटे बसतात आणि चाकांचा कोन बिघडतो. इंजिनाचा सम्प पुढच्या ॲक्सलवर आपटतो का, हे खड्ड्यात गेल्यावर कळून उपयोग नाही.

सात, ब्रेक. ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, म्हणून ठळक सांगतो. ज्या पेट्रोल गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असतो, त्याला लागणारी पोकळी इंजिनाच्या हवा ओढण्यातून मिळते. डिझेल इंजिन अशी पोकळी तयार करत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, तो बहुधा अल्टरनेटरला जोडलेला असतो. पंप न लावता गाडी बाहेर काढली तर ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. सपाटीवर चालक पाय जोरात दाबून भागवतो. भिसे खिंडीच्या उतारावर भागत नाही.

आठ, बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी. सेल्फची बाजू, बॅटरीची ताकद, अर्थिंगची जाड वायर, वेगदर्शकाची केबल, फोर व्हील जीप असेल तर ट्रान्स्फर केस. बारीक कामे राहून गेली की गाडी सहा महिने गॅरेजच्या दारात उभी राहते.

आपली मुले अभियांत्रिकीला असतील तर त्यांना 'बाहा' स्पर्धेबद्दल विचारा. २००७ पासून मध्य प्रदेशात पीथमपूरला देशभरातील विद्यार्थी स्वतः बनवलेल्या उघड्या गाड्या घेऊन या स्पर्धेसाठी जमत आले. पहिली अनेक वर्षे सर्व संघांना एकाच मापाचे १० अश्वशक्तीचे इंजिन सक्तीचे होते. तरी कुणाची गाडी टेकडी सहज चढे, कुणाची वाटेतच अडे. इंजिन सारखेच असल्यावर फरक पडणार तो जोडणीतच. मात्र या गाड्या बंदिस्त मैदानावर धावतात, रस्त्यावर नाही. इथून पुढचा भाग नेमका याबद्दलच आहे.

६. कायदा काय म्हणतो

सत्तर-ऐंशीच्या दशकात पेट्रोलचे भाव कडाडले तेव्हा अनेकांनी अँबॅसिडरला आणि जीपला डिझेल इंजिने घातली. त्या काळी परिवहन कार्यालयाला कळवून, मान्यता घेऊन असा बदल आरसी बुकात चढवता येत असे. "आमच्या आबांनी केलं होतं" असे सांगणारे सभासद खरेच सांगतात. पण काळ बदलला आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ हे २००० साली बदलले. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

दंडापेक्षा मोठे संकट विम्याचे. अपघात झाला आणि गाडीतले इंजिन कागदावरच्या इंजिनाशी जुळत नाही असे निघाले, तर विमा कंपनी दावा अडवू शकते. जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. पन्नास-साठ हजार वाचवायला गेलो आणि शेत गहाण पडले, अशी गत होऊ नये.

मग कार्लेखिंडीच्या गाडीचे काय? तिथे वाट वेगळी आहे. नवीन नमुन्याची गाडी बनवणाऱ्या उत्पादकाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुना तपासून घ्यावा लागतो. ही तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची 'एआरएआय' आणि 'सीआयआरटी', तसेच अहिल्यानगरची 'व्हीआरडीई' आहे. ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातील बुदनीचे केंद्र आपल्याला माहीत आहेच. म्हणजे उत्पादकाने तपासून घेतलेल्या नमुन्यात इंजिन दुसऱ्याचे असू शकते. आपण नोंदलेल्या गाडीत आपल्या मनाने बदललेले इंजिन मात्र चालत नाही.

७. मग सभासदाने काय करावे?

वाटा बंद नाहीत. चार सांगतो.

मूळ इंजिनच बांधून घ्या. सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन व बेअरिंग यांनी जुने इंजिन पुन्हा उभे राहते. गिअरबॉक्स, शाफ्ट, ब्रेक सगळे जुळलेलेच असतात. वरचे दोन्ही हिशेब कंपनीने आधीच करून ठेवलेले असतात.

इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले असेल तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन घ्या. आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्या. बिल जपून ठेवा, गाडी तपासून घ्या आणि नवा इंजिन क्रमांक आरसी बुकात चढवा. विमा कंपनीला लेखी कळवा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती आधी मिळवा. भंगारातले इंजिन बिलाशिवाय घेऊ नका, ते चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस तुमच्या दारी येतील.

इंधन बदलायचे असेल तर कायद्याने त्याला वाट ठेवली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर चालण्यासाठी मान्यताप्राप्त किट त्या मॉडेलसाठी मंजूर असेल, तर ते अधिकृत केंद्रातून बसवून आरसी बुकात नोंदवता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेलवरून सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर दिल्लीत दाखवण्यात आला. साखर कारखान्याच्या प्रेसमडपासूनही असा वायू तयार होतो. त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

आणि ज्याला हौसच आहे, त्याने जुने इंजिन गुऱ्हाळावर, पाण्याच्या पंपावर किंवा मुलाच्या कॉलेजच्या प्रकल्पात वापरावे. तिथे पुली बदला, पट्टे बदला, मनसोक्त शिका. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे.

मिस्त्रीला विचारायचे सहा प्रश्न

१) नव्या इंजिनाचे जास्तीत जास्त फेरे किती, आणि आपल्या डिफरन्शिअलवर गाडीची वेगाची हद्द किती येईल?
२) त्याचा पीळ किती? जुना क्लच आणि ॲक्सलचा शाफ्ट तो सोसेल का?
३) गिअरबॉक्स इंजिनाच्याच जोडीचा आहे का? नसेल तर मध्य कशाने तपासणार?
४) वजन किती वाढेल? पाट्यांचे आणि ब्रेकचे काय करणार?
५) ब्रेकला बूस्टर असेल तर त्याची पोकळी कुठून येणार?
६) परिवहन कार्यालयाची परवानगी कोण आणणार, काम सुरू होण्याआधी की नंतर?

सहाव्याचे उत्तर "नंतर बघू" असे आले, तर उरलेल्या पाचांची उत्तरे कितीही चांगली असली तरी गाडी तिथून परत आणा. आणि पहिल्या पाचांतल्या एकाचेही उत्तर "बसतंय की!" असे आले, तर समजा की हिशेब अजून झालेला नाही. वही-पेन्सिल आणि गाडीचे आरसी बुक घेऊन कामाच्या दिवशी कार्यशाळा विभागात या. इंजिनाचा पैसा मोजण्याआधी आपण मिळून फेऱ्यांचा आणि पिळाचा हिशेब मांडू.